लोकांचा कौल आणि लोकांचा वैताग

नाण्यावर साल घालण्याची चाल फार जुनी आहे. सरकारी टांकसाळींतून नाणें बाहेर पडलें म्हणजे त्यावरील मुद्रा आणि साल हीं दोन्ही पक्कीं, त्यांत फिरवाफिरव व्हावयाची नाहीं, अशीच आपणां सर्वांची समजूत असते. परंतु इ. स. २०१९ मध्यें ब्रिटनच्या टांकसाळींत या समजुतीला धक्का देणारा प्रकार घडला. ब्रिटन युरोपीय संघांतून बाहेर पडणार, त्या दिवसाचें स्मारक म्हणून पन्नास पेन्सांचें एक नाणें काढण्याचें तेथील सरकारनें ठरविलें व त्यावर ‘३१ ऑक्टोबर २०१९’ ही तारीख घातली. नाणीं पाडावयास सुरुवात झाली. पण ती तारीख कांहीं साधली नाहीं. अखेर पाडलेलीं नाणीं पुन्हां मुशींत घालून वितळवावीं लागलीं, आणि ‘३१ जानेवारी २०२०’ अशी तारीख घालून नवीं पाडावीं लागलीं. सर्व राष्ट्रांशीं शांतता, समृद्धि आणि मैत्री असावी अशा आशयाचीं अक्षरें त्या नाण्यावर आहेत. त्या अक्षरांत एक स्वल्पविराम राहिला म्हणून फिलिप पुलमन या नामांकित इंग्रज ग्रंथकारानें, साक्षर माणसांनीं या नाण्यावर बहिष्कार घालावा, असें म्हटलें.

हें वाचून हंसूं यावें हें स्वाभाविक आहे. परंतु ज्यांच्या देशांत हा प्रकार घडला त्या लोकांना त्या वेळीं हंसूं येत नव्हतें. सार्वमत होऊन तीन वर्षें उलटून गेलीं होतीं. बाहेर पडावें म्हणणारे आणि आंत राहावें म्हणणारे एकमेकांशीं दुसऱ्या कोणत्याहि बाबतींत सहमत नव्हते. परंतु आपल्या राजकारणी पुढाऱ्यांचा वीट येण्याच्या बाबतींत मात्र दोघांचें पूर्ण एकमत होतें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे मुलगे, मुली, पुतणे, भाचे नोकरीधंद्याच्या किंवा विद्याभ्यासाच्या निमित्तानें इंग्लंडांत आहेत. त्यांच्या तोंडून ही हकीकत तुकड्यातुकड्यांनीं कानांवर आली असेल. ती सलग सांगावी, आणि तींत आपण ध्यानांत ठेवण्यासारखें काय आहे तें पाहावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालों आहों.

युरोपच्या या घराशीं ब्रिटनचें नातें पहिल्यापासूनच उंबरठ्यावर घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखें होतें. १९५७ सालीं रोम येथें सहा राष्ट्रांनीं आर्थिक सहकार्याचा तह केला, तेव्हां ब्रिटन बाहेरच राहिलें. पुढें आंत येण्याची इच्छा झाली, तों फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनीं १९६३ सालीं आणि पुन्हां १९६७ सालीं दार लावून घेतलें. शेवटीं एडवर्ड हीथ यांच्या कारकीर्दींत, १ जानेवारी १९७३ रोजीं, ब्रिटनचा प्रवेश झाला. दोनच वर्षांनीं मजूर पक्षाचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनीं ‘राहावें कीं जावें’ या प्रश्नावर सार्वमत घेतलें. ५ जून १९७५ च्या त्या सार्वमतांत शेंकडा ६७ मतें राहण्याच्या बाजूनें पडलीं आणि प्रश्न मिटला असें वाटलें.

परंतु ज्याला लोकांनीं १९७५ सालीं होकार दिला तें मुख्यतः एक सामाईक बाजारपेठेचें मंडळ होतें. १९९२ च्या मास्त्रिख्तच्या तहानें त्याचा संघ झाला. सामाईक कायदे वाढले. एका देशाच्या नागरिकानें दुसऱ्या देशांत जाऊन राहावें व काम करावें हा हक्क दृढ झाला. २००४ सालीं दहा नवीं राष्ट्रें संघांत आलीं. त्यांपैकीं बहुतेक पूर्व युरोपांतील होतीं. ब्रिटननें त्यांच्या कामगारांना पहिल्या दिवसापासून दार मोकळें ठेविलें. लंडनांतील व्यापाऱ्याला व मध्यमवर्गाला यांत लाभ दिसला. पण जेथील खाणी व कारखाने एक पिढीपूर्वींच बंद पडले होते, त्या उत्तरेकडील गांवांतील माणसाला असें वाटूं लागलें कीं, आपल्याला कोणीं कांहीं विचारलेंच नाहीं. ही भावना सर्वस्वीं खरी होती कीं नाहीं याचा वाद करतां येईल. परंतु ती होती, आणि ती अनेक वर्षें सांचत होती, यांत वाद नाहीं.

अशा स्थितींत जानेवारी २०१३ मध्यें पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनीं वचन दिलें कीं, पुढील निवडणुकींत हुजूर पक्षाला बहुमत मिळाल्यास लोकांचा कौल घेऊं. या वचनाच्या मुळाशीं लोकांची जिज्ञासा कमी व पक्षांतील कलह अधिक होता. हुजूर पक्षांतील एक मोठा गट युरोपवर रुष्ट होता, आणि बाहेरून नायजेल फराज यांचा पक्ष मतें ओढून नेत होता. घरांतील भांडण मिटावें म्हणून गांवाची सभा बोलवावी, तसें हें झालें. २०१५ सालीं बहुमत मिळालें, वचन फेडण्याची वेळ आली, आणि २३ जून २०१६ रोजीं सार्वमत झालें. १,७४,१०,७४२ मतें बाहेर पडण्याच्या बाजूनें व १,६१,४१,२४१ मतें राहण्याच्या बाजूनें पडलीं. म्हणजे शेंकडा ५१.९ विरुद्ध ४८.१. इंग्लंड व वेल्स यांनीं जाण्याचा कौल दिला. स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांनीं राहण्याचा. मतदान शेंकडा ७२ हून अधिक झालें. एरवीं मतपेटीकडे न फिरकणारीं माणसेंहि त्या दिवशीं घराबाहेर पडलीं, हें विसरतां कामा नये.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं कॅमेरून यांनीं पदत्याग जाहीर केला. आतां पुढें काय, असें लोक विचारूं लागले, तेव्हां असें आढळून आलें कीं, बाहेर पडण्याचा कौल मिळाल्यास काय करावयाचें याची तयारी सरकारी खात्यांनीं करूं नये असेंच धोरण ठेवण्यांत आलें होतें. पार्लमेंटच्या परराष्ट्र समितीनें त्याच वर्षीं जुलै महिन्यांत या हलगर्जीपणाबद्दल सरकारला कडक शब्दांत दोष दिला. दुसऱ्या पक्षाची स्थितिहि याहून बरी नव्हती. ‘दर आठवड्यास आपण युरोपला ३५ कोटि पौंड पाठवितों, ते आपल्या रुग्णालयांना देऊं,’ असा मजकूर रंगवून त्यांची तांबडी मोटारगाडी देशभर फिरली होती. १९८४ सालीं मार्गारेट थॅचर यांनीं मिळविलेली सूट त्या आंकड्यांतून वजा केलेली नव्हती, व तो आंकडा दिशाभूल करणारा आहे असें सरकारी आंकडेशास्त्राच्या स्वतंत्र मंडळानें मतदानापूर्वींच बजाविलें होतें. तरी गाडी फिरतच राहिली.

एकत्र कुटुंबाची वांटणी ज्यांनीं जवळून पाहिली आहे त्यांना यांतील मर्म सांगावयास नको. ‘आम्हांला वेगळें व्हावयाचें आहे’ हें वाक्य उच्चारावयास एक क्षण पुरतो. परंतु विहीर कोणाची, माजघरांत भिंत कोठें घालावयाची, सामाईक कर्जाचा वांटा कोणीं किती उचलावयाचा, आणि परसांतील वाट दोघांनीं वापरावयाची कीं नाहीं, यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर त्या वाक्यांत नसतें. शहाणा पंच असेल तर तो हीं कलमें आधीं कागदावर उतरवितो, आणि मग विचारतो, ‘बाबांनो, अजूनहि वेगळें व्हावयाचें आहे ना?’ ब्रिटनमध्यें क्रम उलटा झाला. प्रश्न आधीं विचारला, उत्तर घेतलें, आणि कलमें मागाहून शोधण्यास आरंभ केला.

आणि कलमें तर पुष्कळ होतीं. नॉर्वेप्रमाणें संघाबाहेर राहून त्याच्या बाजारपेठेंत राहतां आलें असतें; पण मग पैसा द्यावा लागता आणि परदेशी कामगारांना दार मोकळें ठेवावें लागतें. जकातीपुरता एकोपा ठेवतां आला असता. पण मग अमेरिकेशीं किंवा हिंदुस्थानाशीं स्वतंत्र व्यापारी तह मनाप्रमाणें करतां येता ना. कॅनडाप्रमाणें केवळ व्यापारी करार करतां आला असता. पण मग बंदरावर कागदपत्रांच्या चळती आल्या. कांहींच करार न करतां तडकाफडकी निघतां आलें असतें. त्याचा धसका व्यापाऱ्यांनीं घेतला होता. या चारहि वाटा ‘बाहेर पडणें’ या एका शब्दांत बसत होत्या. पावणेदोन कोटि लोकांनीं शब्दाला मत दिलें. वाट कोणती, हें कोणीं त्यांना विचारलें नव्हतें.

जुलै २०१६ मध्यें थेरेसा मे पंतप्रधान झाल्या. ‘ब्रेक्झिट म्हणजे ब्रेक्झिट’ हें त्यांचें वाक्य फार गाजलें. ऐकावयास तें बाणेदार होतें, परंतु त्याचा अर्थ विचारणाऱ्यास त्यांतून कांहींच मिळत नव्हतें. वाट ठरण्यापूर्वींच २९ मार्च २०१७ रोजीं त्यांनीं संघाला सोडचिठ्ठीची नोटीस दिली, आणि दोन वर्षांची मुदत सुरू झाली. हा दोष एकट्या पंतप्रधानांचा नव्हे. नोटीस देण्याच्या विधेयकाच्या दुसऱ्या वाचनाला कॉमन्स सभेंत ४९८ विरुद्ध ११४ अशी संमति मिळाली होती; मजूर पक्षाच्या बहुतेक सभासदांनींहि हात वर केले होते. पुढें दोन महिन्यांत मे यांनीं मुदतीपूर्वींच निवडणूक जाहीर केली, तेव्हां ब्रिस्टल शहरांतील एका बाईनें वार्ताहरापुढें जो त्रासिक उद्गार काढला, ‘थट्टा करतां कीं काय? आणखी एक?’, तो सगळ्या देशानें आपलाच म्हणून उचलला. जून २०१७ च्या त्या निवडणुकींत मे यांचें होतें तें बहुमतहि गेलें, आणि उत्तर आयर्लंडांतील दहा सभासदांच्या एका पक्षाच्या आधारावर सरकार चालवावें लागलें.

ही सारी गुंतागुंत ज्या ठिकाणीं येऊन आवळली, तें ठिकाण म्हणजे आयर्लंडची सरहद्द. आयर्लंडचें प्रजासत्ताक हें संघाचें सभासद. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग. दोहोंमधील सीमा सुमारें ५०० किलोमीटर लांब असून ती ओलांडणारे रस्ते दोनशेंहून अधिक आहेत. तीस वर्षांच्या रक्तपातांत साडेतीन हजारांहून अधिक माणसें बळी गेल्यावर एप्रिल १९९८ मध्यें तेथें शांततेचा करार झाला, सैन्याच्या चौक्या उठल्या, आणि शेतकरी सकाळीं या देशांतून त्या देशांत गुरें नेऊं लागला. आतां ब्रिटन जकातीच्या एकोप्यांतून बाहेर गेलें, तर कोठें तरी नाकें बसवावें लागणार. तें जमिनीवर बसवावें तर शांततेला धोका; समुद्रावर बसवावें तर एकाच राज्याचे दोन तुकडे; आणि कोठेंच बसवावयाचें नसेल तर सगळ्या ब्रिटननें युरोपचे नियम पाळावयाचे. चौथा मार्ग नव्हता. ही अडचण कोणीं सांगितलीच नाहीं असें नव्हे. सार्वमतापूर्वीं जून २०१६ मध्यें जॉन मेजर व टोनी ब्लेअर हे दोन माजी पंतप्रधान, एक हुजूर व एक मजूर, मुद्दाम डेरी शहरीं गेले आणि हाच इशारा देऊन आले. परंतु प्रचाराच्या गदारोळांत तो विरून गेला.

मे यांनीं २०१८ च्या नोव्हेंबरांत संघाशीं जो करार ठरविला, त्यांत दुसरा उपाय निघेपर्यंत सगळ्या ब्रिटननें जकातीपुरतें युरोपशीं बांधलेलें राहावें, अशी तरतूद होती. १५ जानेवारी २०१९ रोजीं कॉमन्स सभेनें तो करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनीं फेटाळला. आधुनिक पार्लमेंटच्या इतिहासांत एवढा मोठा पराभव कोणत्याहि सरकारच्या वांट्याला आलेला नव्हता. १२ मार्च रोजीं तो दुसऱ्यांदा फेटाळला गेला व २९ मार्च रोजीं, म्हणजे ज्या दिवशीं देश बाहेर पडावयाचा त्याच दिवशीं, तिसऱ्यांदा. बरें, हा नको तर काय हवें? तें ठरविण्यासाठीं २७ मार्च रोजीं सभेपुढें आठ पर्याय ठेवण्यांत आले. आठहि नापसंत झाले. १ एप्रिल रोजीं त्यांतले चार पुन्हां ठेवले, तेहि नापसंत. ४ एप्रिल रोजीं सभागृहाच्या छपरांतून पाणी गळूं लागल्यामुळें बैठक तहकूब करावी लागली, तेव्हां आतां नळहि कंटाळले असें लोक म्हणाले असतील, तर त्यांत नवल नाहीं.

त्याच मार्च महिन्यांत लोक रस्त्यावर उतरले होते. २३ तारखेस लंडनमध्यें, प्रश्न पुन्हां लोकांपुढें न्या, अशी मागणी करणारी प्रचंड मिरवणूक निघाली. नोटीस मागें घ्या, अशा अर्जावर साठ लाखांहून अधिक सह्या पडल्या. दुसरीकडे सन्डरलंड येथून निघालेले, बाहेर पडण्याच्या मताचे लोक, वाटेंत पावसाचिखलांतून चालत, २९ तारखेस पार्लमेंटच्या चौकांत येऊन उभे राहिले. ज्या गांवाहून ते निघाले, तेथें शेंकडा ६१ मतें बाहेर पडण्याच्या बाजूनें होतीं. एका जमावाला वाटत होतें, पुढाऱ्यांनीं आम्हांला फसवून हा निर्णय करवून घेतला; दुसऱ्याला वाटत होतें, पुढारी आम्हांला फसवून हा निर्णय बुडवीत आहेत. दोहोंच्या हातांतील पताका वेगळ्या, पण बोट एकाच इमारतीकडे.

येथें आम्हांला या कथेंतील खरें वळण दिसतें. २० मार्च २०१९ रोजीं रात्रीं पंतप्रधान मे यांनीं राष्ट्राला उद्देशून भाषण केलें. तुम्ही या सगळ्याला कंटाळलां आहां, आणि मी तुमच्या बाजूची आहें, असें त्यांनीं लोकांना सांगितलें. विलंबाचें खापर पार्लमेंटच्या माथीं फोडलें. ज्या सरकारच्या कारभारानें लोक वैतागले, त्याच सरकारचा प्रमुख लोकांच्या रांगेंत येऊन उभा राहिला आणि त्यांच्याबरोबर पार्लमेंटवर बोटें मोडूं लागला! मे यांना तें साधलें नाहीं. परंतु लोकांचा वैताग हें एक भांडवल आहे, आणि ज्याला तें वापरतां येईल त्याच्या हातीं सत्ता येईल, हें राजकारणी मंडळींना त्या दिवसापासून स्पष्ट दिसूं लागलें. मे महिन्यांत युरोपीय पार्लमेंटची निवडणूक झाली, तींत फराज यांचा कांहीं महिन्यांपूर्वींच निघालेला पक्ष पहिला आला व राज्यकर्ता हुजूर पक्ष पांचवा.

२४ जुलै २०१९ रोजीं बोरिस जॉन्सन पंतप्रधान झाले. त्यांनीं ‘लोक विरुद्ध पार्लमेंट’ असा सामना उभा केला. ऐन धुमाळींत त्यांनीं पार्लमेंट पांच आठवड्यांसाठीं बंद ठेवण्याचा घाट घातला. २४ सप्टेंबर रोजीं सुप्रीम कोर्टाच्या अकराहि न्यायाधीशांनीं एकमतानें तो बेकायदा ठरविला. पण कोर्टानें अडविलें, पार्लमेंटनें अडविलें, हेंहि त्यांच्या पथ्यावरच पडलें. १२ डिसेंबर २०१९ च्या निवडणुकींत त्यांनीं लोकांपुढें मांडलें तें एकच: ‘ब्रेक्झिट उरकून टाकूं.’ वाचकहो, ‘उरकून टाकूं’ या शब्दाकडे नीट पाहावें. युरोपचा नफातोटा त्यांत नाहीं, आयर्लंड नाहीं, शेतकरी नाहीं, कोळी नाहीं. त्यांत आहे तो केवळ कंटाळा. आजाऱ्याच्या उशाशीं जागून दमलेल्या माणसाला जसें, कांहीं का होईना, एकदां निकाल लागूं दे, असें वाटतें, तशी ती मनःस्थिति होती. हुजूर पक्षाला ३६५ जागा मिळाल्या. बहुमत ८० चें. ३१ जानेवारी २०२० रोजीं रात्रीं ११ वाजतां ब्रिटन संघाबाहेर पडलें.

आणि नाकें? तें आयर्लंडच्या समुद्रावर गेलें. असें नाकें बसणार नाहीं असें पंतप्रधानांनीं सांगितलें होतें. तें बसलें, त्यावरून तंटे झाले, फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षें उत्तर आयर्लंडचें सरकार ठप्प झालें, आणि फेब्रुवारी २०२३ मध्यें विंडसर येथें दुरुस्तीचा नवा करार करावा लागला. व्यापाराचा मुख्य तह २४ डिसेंबर २०२० रोजीं ठरला. त्याचीं पानें बाराशेंहून अधिक. आणि ३० डिसेंबर रोजीं कॉमन्स सभेनें तो एका दिवसांत संमत केला. जी सभा तीन वर्षें एकेका शब्दावर अडून बसली होती, तिनेंच घराच्या वांटणीचा सगळा कागद एका दिवसांत वाचून सही केली! लोक कंटाळले होते म्हणून त्यांचे प्रतिनिधीहि कंटाळले. कंटाळलेल्याची सही कशी असते हें आपणांस ठाऊक आहे.

या घडामोडींची झळ आपल्या माणसांपर्यंतहि पोंचली होती. गोमंतक १९६१ सालीं मुक्त झाला. त्यापूर्वीं तेथें जन्मलेल्यांना व त्यांच्या पुढील पिढ्यांना पोर्तुगालच्या कायद्यानें पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवितां येतें. हा पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन हजारों गोवेकर कुटुंबें इंग्लंडांत, विशेषतः स्विंडन व साउथॉल या भागांत, जाऊन राहिलीं. कारण युरोपच्या नागरिकाला तेथें राहण्याचा व काम करण्याचा हक्क होता. आतां सार्वमताच्या दिवशींची मौज पाहा. राष्ट्रकुलांतील देशांचे नागरिक ब्रिटनमध्यें राहत असतील तर त्यांना या सार्वमतांत मत होतें. युरोपांतील नागरिकांना, आयर्लंडसारखे एकदोन अपवाद सोडले, तर नव्हतें. म्हणजे पुण्याहून वर्षापूर्वीं शिकावयास गेलेल्या तरुणाला हिंदी पासपोर्टावर ब्रिटनच्या भवितव्याचा कौल देतां आला. आणि तेथेंच दहा वर्षें कारखान्यांत राबून कर भरणाऱ्या गोवेकराला, पोर्तुगीज झाल्यामुळें, स्वतःच्याच राहत्या घराविषयींचा निर्णय मुकाट्यानें पाहत बसावें लागलें. आपला देश दुहेरी नागरिकत्व मानीत नाहीं; तेव्हां इकडचा दोरहि त्यानें कापलेला. स्विंडन शहरांत जवळजवळ शेंकडा ५५ मतें बाहेर पडण्याच्या बाजूनें पडलीं. पुढें त्याला ३० जून २०२१ च्या आंत अर्ज करून आपल्या वास्तव्याचे पुरावे द्यावे लागले. मधल्या पांच वर्षांत आपण येथें राहूं कीं नाहीं, मुलांच्या शाळेचें काय, हा प्रश्न ज्या घरांत रोज जेवतांना निघाला असेल, त्या घराला लंडनच्या सभागृहांतील वक्तृत्व कसें ऐकूं आलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

आतां न्यायाची गोष्ट बोलावयाची तर सगळाच दोष पुढाऱ्यांच्या पदरीं बांधणें बरोबर नाहीं. ब्रिस्टलच्या त्या बाईच्या आधीं अडीचशें वर्षें, ३ नोव्हेंबर १७७४ रोजीं, त्याच शहरांत एडमंड बर्क यानें आपल्या मतदारांना सांगितलें होतें कीं, प्रतिनिधि हा तुमचा निरोप्या नव्हे. त्यानें तुम्हांला आपली विवेकबुद्धि द्यावयाची असते, आणि ती तुमच्या मतापुढें वांकविली तर तो तुमची सेवा करीत नसून द्रोह करीत असतो. हे विचार ज्या काळीं आमच्याकडील कॉलेजांतून वाचले जात, आणि १८९२ सालीं दादाभाई नौरोजी ज्या सभेंत निवडून गेले, ती ही कॉमन्स सभा. २०१६ नंतर तिच्यांतील बहुसंख्य सभासदांची विवेकबुद्धि राहावें असें सांगत होती, आणि लोकांनीं तर जावें असें सांगितलें होतें. प्रतिनिधीला विवेक विचारावयाचा आणि लोकांना थेट कौलहि विचारावयाचा, या दोन पद्धति एकाच घरांत सुखानें नांदत नाहींत. सभा दुभंगली, कारण देश दुभंगला होता. स्वतः बर्कलाहि सहा वर्षांनीं पराभव दिसूं लागल्यामुळें ब्रिस्टलमधून माघार घ्यावी लागली होती, हें येथें नमूद केलें पाहिजे.

तरी एक अपराध पुढाऱ्यांचाच राहतो. मतभेद होणें हा तो अपराध नव्हे, विलंब होणें हाहि नव्हे. किंमत न सांगणें हा तो अपराध होय. जाणारांनीं सांगितलें कीं, गेल्यानें कांहींच गमवावें लागणार नाहीं. युरोपशीं व्यापारी करार हा मानवी इतिहासांतील अत्यंत सोप्या करारांपैकीं एक ठरावा, असें एका मंत्र्यानें २०१७ सालीं म्हटलें होतें. राहणारांनीं भीतीचे आंकडे पुढें केले, पण राहण्याचीहि कांहीं किंमत आहे, आणि ती उत्तरेकडील गांवें देत आहेत, हें कबूल करण्याचें धैर्य दाखविलें नाहीं. निवडीची किंमत आधीं सांगितली, तर माणूस ती मोजतो व कुरकुर न करतां देतो. ती लपविली, तर तो पुढें दिडीनें देतो आणि वर विश्वासहि गमावून बसतो.

तो गमावल्याची साक्ष आंकडे देतात. २०१९ सालीं हॅन्सर्ड सोसायटीच्या पाहणींत शेंकडा ५४ लोकांनीं, नियम मोडण्यास तयार असलेला खंबीर पुढारी देशाला हवा, असें सांगितलें. ज्या देशानें जगाला सभाशास्त्राचे नियम शिकविले त्या देशांतील हे लोक! सरकार पक्षापेक्षां देशाचें हित पुढें ठेवील असें आपणांस जवळजवळ कधींच वाटत नाहीं, असें म्हणणारे २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या पाहणींत शेंकडा ४५ निघाले. हा तोंवरचा उच्चांक होता. संघांत राहिलें असतें तर झाली असती तिच्यापेक्षां देशाची उत्पादकता दीर्घ मुदतींत शेंकडा ४ नें कमी राहील, असा अंदाज सरकारच्याच अर्थसंकल्पविषयक स्वतंत्र कचेरीनें केला. २०१६ ते २०२४ या आठ वर्षांत पांच पंतप्रधान पायउतार झाले. आणि ज्या पक्षानें ‘उरकून टाकूं’ म्हणून ३६५ जागा मिळविल्या, त्याला जुलै २०२४ मध्यें १२१ जागांवर समाधान मानावें लागलें. वैतागावर सत्ता मिळवितां येते. टिकवितां येत नाहीं, कारण वैताग हा कोणाचाच मित्र नसतो.

असो. परक्यांच्या घरच्या वांटणीची ही कथा इतकी लांबविण्याचें कारण एवढेंच कीं, लोकांचा कौल आणि लोकांचा वैताग या दोन वस्तु दिसावयास सारख्या असल्या तरी एक नव्हेत. कौल हा विचार करून दिलेला असतो, आणि तो चुकला तरी त्याची जबाबदारी देणारा घेतो. वैताग हा केवळ सुटका मागतो, आणि जो प्रथम हात पुढें करील त्याचा हात धरतो. मग तो हात कोणाचा आहे हें पाहण्याचें त्राण त्याला उरत नाहीं. मतदान हें आपल्याकडेहि आहे, वांटण्या आपल्याकडेहि होतात, आणि ‘एकदांचें उरकून टाकूं’ म्हणणारीं माणसें तर प्रत्येक सोसायटीच्या सभेंत भेटतात. असा कोणी भेटला म्हणजे घरांतील वडील माणसांनीं त्याला शांतपणें तीन प्रश्न विचारावेत: हें झाल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं काय करावयाचें? त्याची किंमत किती, आणि ती कोण देणार? आणि ज्याला ती द्यावी लागेल त्याला तुम्ही विचारलें आहे काय?

उत्तर येईपर्यंत कोणत्याहि नाण्यावर तारीख घालूं नये.